एस्तेरच्या कार्डांवरचं कुंकू

एस्तेर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन तिच्या शेजारणीचा होता. "अहो, साळवेबाई सकाळी उठल्याच नाहीत," ती म्हणाली. मी गॅस बंद केला, मेथीवर ओलं फडकं टाकलं आणि कसब्यातून गुरुवार पेठेत चालत गेले. रिक्षा करायला सून सांगत होती, पण मला पोचायची घाई नव्हती. पोचून काय बघायचं होतं ते मला माहीत होतं.

लोक गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहितात. मला ते जमत नाही. मी चौथी शिकलेली बाई आहे, अक्षर बरं आहे एवढंच. एस्तेर काही देवमाणूस नव्हती. हट्टी होती, चहात साखर फार घालायची, आणि आपलं चुकलं असं तिनं आयुष्यात कधी कबूल केलं नाही. पण एकदा माझी चूक तिनं स्वतःच्या अंगावर घेतली आणि त्यापायी पोटची मुलगी तिच्यापासून तुटली. ते आता कोणीतरी लिहायला हवं, आणि ते डोळ्यांनी पाहिलेली मी एकटीच उरले आहे.

आमची ओळख नारायण पेठेतल्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात झाली. लग्नपत्रिका, पाकिटं, वह्या असं काम असायचं. ती कापायची, मी चिकटवायची. तिच्या हातात कात्री असली की कागद आपणहून वळतो असं वाटायचं. पत्रिकांचे रंगीत तुकडे उरायचे ते मालकांना विचारून ती पिशवीत भरायची. पहिल्या वर्षी मी विचारलं, "या कचऱ्याचं करतेस काय?" तर म्हणाली, "नाताळला ये, दाखवते."

गेले. तिच्या दीड खोलीत दारामागे डालड्याच्या डब्यात विटांचे तुकडे आणि वाळू घालून सुरूची फांदी उभी केली होती. तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ खडकवासल्याकडे माळीकाम करायचा, तो दर वर्षी फांदी सायकलला बांधून आणून द्यायचा. डब्याला लाल घोटीव कागद. फांदीवर चमकी, पतंगाच्या कागदाची चांदणी, आणि कापूस. मी म्हटलं, "हे कापसाचं काय?" म्हणाली, "बर्फ." मी म्हटलं, "पुण्यात कसला बर्फ?" तर म्हणते, "तुझ्या मखरात थर्माकोलचा हिमालय असतो तो चालतो, होय? चिकटव गुपचूप."

त्याच तुकड्यांतून ती नातेवाइकांना पाठवायची नाताळची कार्डंही करायची, आणि तेव्हापासून ते काम आम्ही दोघींनी केलं. डिसेंबर लागला की कामावरून सुटल्यावर मी तिच्याकडे जायची. खळ ती घरीच शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची, म्हणजे कागदाला कसर लागत नाही. हिरव्या तुकड्यांचं झाड, एकावर एक तीन थर, खाली तपकिरी बुंधा, वर सोनेरी चांदणी. आत ती दोन ओळी लिहायची. पाकिटावर पत्ते मी घालायची, कारण तिचं अक्षर पोस्टमनला लागत नसे. एकूण अठ्ठावीस कार्डं. मिरज, सोलापूर, जालना, नगर... सगळीकडे तिचे लोक.

ज्या वर्षाबद्दल सांगायचं आहे, त्या वर्षी माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न होतं, आणि एस्तेरच्या मुलीचं, सरोजचं, नगरला जमत आलं होतं. मुलाचे वडील चर्चमधले मानाचे गृहस्थ, कार्डांच्या यादीत त्यांचंही नाव होतं. मुलगा चांगला होता, सरोजलाही पसंत होता. एस्तेर तापानं पडली होती म्हणून तयार कार्डं मी घरी आणली. पाकिटात घालून टाकायची तेवढी राहिली होती. समोर नणंदेच्या पत्रिका पडल्या होत्या. त्यांच्या चारी कोपऱ्यांना मी हळद-कुंकू लावलं, आणि त्याच हातानं एस्तेरच्या कार्डांच्याही कोपऱ्यांना लावलं. चुकून नाही लावलं. सणाचं पत्र कोरं पाठवू नये असं मला लहानपणापासून माहीत, आणि तिच्या घरातही कार्य होणार होतं. मला वाटलं, आपण चांगलंच करतोय. दुसऱ्या दिवशी पेटीत टाकून मोकळी झाले.

नवीन वर्ष लागलं आणि नगरहून पत्र आलं. नाताळच्या कार्डाला हळद-कुंकू लावता, म्हणजे तुमच्या घरात अजून जुनंच चाललेलं दिसतं, आम्हाला हे नातं नको, असं.

एस्तेर कारखान्यात आली, पिशवी ठेवली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "शकू, कार्डांना कुंकू तू लावलंस?"

"लावलं. शुभ कामाचं पत्र कोरं पाठवतात का?"

"आम्ही कोरंच पाठवतो गं..." असं म्हणून ती खाली बसली. मग तिनं सगळं सांगितलं. माझे हात खळीत होते, ते तसेच राहिले. मी म्हटलं, "मी नगरला जाते. त्यांच्या पाया पडते. माझं नाव सांग."

"सांगणार नाही. मीच लावलं म्हणून कळवून टाकलंय."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"तुझं नाव घेतलं असतं तर ते म्हणाले असते, त्या बाईचं येणं-जाणं बंद करा, मग बघू. आणि ते मी केलं नसतं. मग उगीच कशाला नाव सांगायचं?" थोडं थांबून म्हणाली, "सरोजला यातलं बोलायचं नाहीस. ती तावातावानं तिकडे लिहील, आणि तुझ्या तोंडाकडेही बघणार नाही. शपथ आहे तुला."

मी शपथ घेतली. खरं सांगायचं तर ती शपथ माझ्या सोयीची होती.

सरोज नर्सिंग शिकली, सोलापूरला नोकरीला गेली, लग्न केलंच नाही. सणाला दोन दिवस यायची. कार्डांना हात लावायची नाही. पाहुण्यांसमोर म्हणायची, "आमच्या आईला भारी हौस, माझं लग्न मोडलं तिच्या हौसेनं." एस्तेर ऐकून घ्यायची आणि कापत राहायची. मी तिथेच बसलेली असायची, चांदण्या चिकटवत... इतकी वर्षं बसले. कारखाना बंद पडला, तिचा नवरा गेला, माझे यजमान गेले, गुडघे गेले, पण डिसेंबरात आम्ही कार्डं करायचो. आणि दर डिसेंबरात मला वाटायचं, या वेळी सरोजला सांगू. मग सरोज यायची आणि मी चहा टाकायला उठायची.

एस्तेरला माती दिल्यानंतर दोन आठवड्यांनी सरोज खोली आवरायला राहिली होती, तेव्हा मी गेले. ती पुसत होती, बांधत होती. मी खुर्चीत बसले आणि एका दमात सांगून टाकलं. कोणी लावलं, का लावलं, तिच्या आईनं काय केलं.

तिनं फडकं खाली ठेवलं. मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मावशी, हे आधी का नाही सांगितलंत?"

"शपथ होती. आणि भीती होती. भीती जास्त."

"मागच्या नाताळलासुद्धा मी तिला बोलले हो... आता मी कुणाला सांगू?"

मी उठून फडताळातून पत्र्याचा डबा काढला आणि तिच्यासमोर ठेवला. त्या कुंकवाच्या वर्षी लोकांची उत्तरादाखल जी कार्डं आली होती, ती एस्तेरनं दोऱ्यानं बांधून वेगळी ठेवली होती. एक नगरचं नाही, बाकी सगळी सत्तावीस. मला ती माहीत होती, कारण तिनं मला तेव्हा दाखवली होती, माझी मान खाली गेली होती म्हणून.

सरोजनं दोरा सोडला. जालन्याच्या म्हाताऱ्या मामांनी लिहिलं होतं, "नाताळ आणि लग्न एकदमच काढलंत की काय? जेवायला येतो." मिरजेच्या आत्यानं लिहिलं होतं, "कोपऱ्याचं कुंकू पाहून आजीची आठवण झाली. तिच्या माहेरी असं लावत. कार्ड जपून ठेवलं आहे." रागाचा शब्द कुणाचाच नव्हता. सरोज एकेक वाचून उजवीकडे ठेवत गेली.

"हे मला का नाही दाखवलं तिनं?"

"दोन दिवस यायचीस आणि दोन्ही दिवस भांडायचीस. दाखवणार कधी?"

वाईट वाटेल असंच बोलले मी, पण ती चिडली नाही. पुढचं कार्ड उचललं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं.

"मावशी, जरा दिवा लावता का? दिसत नाहीये नीट."

दुपारचे बारा वाजले होते. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं. मी उठले आणि दिवा लावला.