आढीतल्या चार बाटल्या

"आंब्यांच्या पेंढ्यात या बाटल्या कुणी घातल्या?"

माझी बायको माळ्यावरून ओरडत होती. तिचा आवाज असा, की अंगणात वाळत घातलेली आमसुलं एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपोआप उलटली. मी पडवीत वर्तमानपत्राआड बसलो होतो. खोटं बोलायला वेळ मिळाला असता तर नक्की बोललो असतो, पण शिडीवरून तिचे पाय दिसायला लागले होते.

"मीच," मी म्हटलं. "पिकायला."

आता यात माझं चुकलं काय, ते तुम्हीच सांगा. बाटल्या माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक कुंपण आणि सोळा हापूसची कलमं. अण्णा आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मुंबईला नातवाच्या मुंजीला गेले होते, तीन आठवड्यांसाठी. तिथून त्यांचा फोन आला, की निघताना बघितलं, कपाटाला वाळवी लागल्येय, तेवढ्या चार बाटल्या दुसरीकडे हलवा. कुठे, ते सांगितलं नाही. लाल वाइन ठेवली की मुरते, पिकते, हे मी त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं. आणि पावसच्या माणसाला पिकवायची वस्तू कुठे ठेवायची हे काय शिकवावं लागतं? कच्चा हापूस आम्ही भाताच्या पेंढ्यात थर लावून ठेवतो, म्हणजे आढी घालतो. पेंढ्याची ऊब लागली की दहा-बारा दिवसांत फळ सोन्यासारखं होतं. मी बाटल्या मधल्या थरात ठेवल्या, जिथे ऊब सगळ्यात जास्त. वर पत्रा, पत्र्यावर मे महिना. तिथे भाकरी घातली तर भाजून निघाली असती. दोन आढ्या निघाल्या, आंबे वाटून झाले, बाटल्या पिकतच होत्या.

बायकोने त्या पडवीत आणून एका रांगेत उभ्या केल्या. दोन बाटल्यांची बुचं बोटभर वर आली होती. एकीच्या मानेवरून लाल ओघळ येऊन वाळला होता, भिंतीवरच्या पानाच्या पिंकेसारखा. ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "उद्या कप्तानकाका यायचे आहेत."

मी वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली.

अण्णा जन्मभर बोटीवर चीफ स्टुअर्ड होते. कप्तानाच्या टेबलावर काय खायचं, काय प्यायचं, ते अण्णा ठरवायचे. त्यांच्या नाकाबद्दल मी सांगतो त्यातलं निम्मं खरं धरा, तरी पुरे आहे. तिकडे बुरोंडीला कुणी सुकी मासळी भाजली, तर इकडे पावसला अण्णा विचारायचे, मीठ कमी का घातलंय? वाइनचा एक घोट घेतला की द्राक्ष कोणतं, देश कोणता, डोंगराची कोणती बाजू, आणि त्या वर्षी शेतकऱ्याचं बायकोशी पटत होतं की नव्हतं, एवढं सगळं सांगायचे. दर मे महिन्यात त्यांचे जुने कप्तान आंबे न्यायला येत. ते बाटल्या टॉवेलात गुंडाळून ओतत, अण्णा पिऊन सांगत, मग टॉवेल निघे. अण्णा कधी चुकले नव्हते.

आणि अण्णांनी कधी माफही केलं नव्हतं. सख्ख्या भावाने लाल वाइनमध्ये बर्फ टाकला, तर त्याच्याशी नऊ वर्षं बोलले नाहीत. भाऊ शेवटी काविळीने आजारी पडला तेव्हा भेटायला गेले, आणि तिथेही पहिलं वाक्य बर्फाबद्दलच होतं.

"माझं माहेर बंद होईल," बायको म्हणाली. कुंपणापलीकडचं माहेर, रोज दोनदा जायचं. ती रडली नाही, तेच मला भारी पडलं.

मी म्हटलं, वानरांनी पळवल्या म्हणून सांगू. ती म्हणाली, मग अण्णा विचारतील, कुठल्या जातीची वानरं, आणि कुठल्या डोंगरावरची. शेवटी बुचं अंगठ्याने दाबून बसवली, ओघळ ओल्या फडक्याने पुसला, आणि बाटल्या बादलीत घालून विहिरीत सोडल्या. कढत झालेलं पुन्हा थंड केलं की मूळपदावर येतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. दूध उतू गेल्यावर फुंकर मारावी तशातला प्रकार.

सकाळच्या गाडीने अण्णा आणि आई आले, आणि दुपारी चारला कप्तानकाका. डॉक्टरांनी त्यांची दारू बंद केलेली, म्हणून ते फक्त ओतणार. पिणारे अण्णा, आणि शिकाऊ म्हणून मी. बायको दारात चौकटीला धरून उभी. मी खुर्ची पुन्हा पुन्हा अशी आपटत सरकवत होतो की काकांनी दोनदा वर बघितलं, माडावरून नारळ पडला की काय.

पहिला घोट मी घेतला. उकडलेल्या मनुका, त्यात जुनी काकवी, वर करपल्याचा वास. संपलं, म्हटलं. अण्णांनी पेला फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. मी मनातल्या मनात पावसपासून रत्नागिरीपर्यंतच्या सगळ्या देवांना नारळ बोललो. तेवढे नारळ त्या वर्षी जिल्ह्यात पिकले नसतील.

"कॅबरने," अण्णा म्हणाले. "बोर्दोचं. बारीक द्राक्ष, जाड साल. म्हणून जीभ अशी आवळते, काजूचं बोंड खाल्ल्यासारखी."

काकांनी टॉवेल काढला. बरोबर.

मी वाचलो. इतका मोठा श्वास सोडला की पडवीतला कंदील हलला. दुसऱ्या बाटलीचा मला पुन्हा तोच घोट लागला, मनुका आणि काकवी. अण्णा म्हणाले, पिनो न्वार, पातळ सालीचं, नाजूक, थंड मुलुखाशिवाय जगत नाही. चेरीचा वास बघा कसा येतोय. बरोबर. मी पेल्यात नाक खुपसून चेरी शोधली. नव्हती.

तिसऱ्या बाटलीला बूच नव्हतं, फिरकीचं झाकण होतं. ते कर्रकन उघडलं आणि अण्णा घोट घ्यायच्या आधीच हसले. शिराझ, ऑस्ट्रेलियाचं, उन्हात पोसलेलं, मुरांब्यासारखं गोडसर. चौथी आली तेव्हा त्यांना रंग चढला होता.

"हेही तेच द्राक्ष, जावईबापू. पण फ्रान्समधलं, ऱ्होन नदीच्या उतारावरचं. वारा थंड, जमीन दगडाची. म्हणून गोडी मागे राहिली आणि मिरी पुढे आली. आपल्या हापूसचंच बघा ना. तेच कलम इथे कातळावर लावा आणि घाटावर काळ्या मातीत लावा. झाड एक, फळाची चव दोन गावांची. मिरी लागली ना?"

मी हो म्हटलं. काका टाळ्या वाजवत होते. दारात बायको हसत होती, तिचं माहेर शाबूत होतं.

माझ्या पेल्यात मिरी नव्हती. मुरांबा, चेरी, बोंड, काहीच नव्हतं. चारही पेल्यांत एकच चव होती. आमच्या पेंढ्याने तीन द्राक्षांची आणि चार मुलुखांची सगळी कमाई भाजून एक करून टाकली होती. हे माझ्यासारख्या ताडीच्या गिऱ्हाइकाला कळलं. मग अण्णांना कसं कळलं नाही?

मी टेबलाकडे बघितलं. टॉवेलातूनही कॅबरनेच्या बाटलीचे चौकोनी खांदे दिसत होते, बाकी तिघींचे खांदे उतरते. पिनोचा रंग सगळ्यांत फिका. ऑस्ट्रेलियाची झाकणाच्या आवाजावरून. राहिली ती चौथी. अण्णांनी डोळ्यांनी आणि कानांनी ओळखलं होतं. उरलेलं ते आठवणीतून पाठ म्हणत होते.

तेव्हा जी भीती वाटली, तिच्यात मला थापा मिसळता येत नाहीत. पकडला जाईन ही भीती तिच्यापुढे पोरखेळ होती. आई संध्याकाळी देवळात जाते. अण्णा एकटे चहा करतात. शेगडीचा गॅस सुटला तर तो कुणाच्या नाकाला कळणार? आणि बाजारातून मासळी अजून तेच आणतात, तीही हुंगून.

काका आंब्यांची पेटी घेऊन गेले. बायको आईला सांगायला आत पळाली, की अण्णा यंदाही चुकले नाहीत. अण्णा पडवीच्या कडेला नळावर पेले धूत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. मला गप्प बसवायला अख्खं गाव नवस बोलतं, पण त्या दिवशी मी आधी एक धुतलेला पेला पुसून ठेवला.

"अण्णा," मी म्हटलं, "बाटल्या मी आढीत ठेवल्या होत्या. चारही नासल्या होत्या."

त्यांनी पेला उजेडात धरून बघितला, डाग राहिला होता, परत धुतला.

"असतील," ते म्हणाले. "मला दोन वर्षं झाली, कशाचाच वास येत नाही."