कालव्याची ओटी

बाळांनो, काल फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, तू इतिहास घडताना पाहिलास का. पाहिला, माणदेशातल्या आपल्या गावी. शेजारचं मेंढपाळ जोडपं दर दिवाळीनंतर चाऱ्यापाण्यासाठी गाव सोडायचं. त्या वर्षीही घोड्यावर बिऱ्हाड चढलं होतं, तेवढ्यात पंपांनी उचललेलं कृष्णेचं पाणी पहिल्यांदाच आमच्या कालव्यात आलं. शेजारीण खणनारळ घेऊन धावली. "आगं, सायबाची ओटी भर, त्यानं बटन दाबलंय," नवरा म्हणाला. "सायब बापय हाय. कृष्णामाई दारात आलीया, तिला रिकामी धाडू व्हय?" म्हणत तिनं पाण्याला हळदकुंकू वाहून खणनारळ सोडला. वाहतं पाणी पाहून मेंढरं आधी बुजली, मग पोटभर प्यायली. नवरा घोड्यावरचं ओझं उतरवू लागला. आता माझ्यासारखीच ती दोघंही थकली आहेत, पण कालवा चालू आहे आणि ती घरीच आहेत.