मास्तरांचं बोलणं
वायरकाका अख्ख्या इमारतीसाठी नेटची एकच मोठी लाइन घेत आणि घरोघरी वाटून देत. माणूस इतका भिडस्त, की याने धंद्यात पडायलाच नको होतं, असं त्यांची बायको उठता बसता म्हणे. यंदा लाइन देणाऱ्या कंपनीने दर वाढवले. वाढीव पैसे कोणी भरायचे यावर जिन्यात खल झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी एका वाक्यात निकाल लावला: जो जास्त वापरतो त्याने भरावं.

वापरात सगळ्यांच्या पुढे निघाले तळमजल्यावरचे टेलर मास्तर. आता मास्तरांना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही.

"मग एवढं नेट लागतं कशाला त्यांना?" ताई म्हणाल्या.

 काकांची मास्तरांकडे जादा पैसे मागायला जीभ रेटेना, म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. मास्तरांचा स्पीड जरा उतरवायचा.

ते दुकानात शिरले तेव्हा मास्तर शिलाई मशीनला मोबाइल टेकवून लेकीशी बोलत होते. तीही बापासारखीच मुकी-बहिरी, लांबच्या गावी दिलेली. तिच्या मांडीवर तान्ही म्हणता येणार नाही एवढी नात. बापलेकीचे हात असे चालले होते, की बघणाऱ्याला वाटावं भांडण जुंपलंय. काकांनी कोपऱ्यातल्या नेटच्या डब्याशी बसून स्पीड उतरवला.

लेकीचा चेहरा दिसत राहिला, पण बोटं पुसट झाली. मग तिचा हात अर्ध्या शब्दावरच हवेत अडकला. मास्तर पुढे झुकले. चष्मा पुसला, परत पुसला. बिचाऱ्याला वाटलं असणार, आता डोळेही गेले.  आपण एका बापाच्या तोंडावर हात ठेवलाय, हे काकांना तेव्हा कळलं. त्यांनी घाईघाईने स्पीड परत चढवला.

अडकलेलं चित्र सुटलं. नातीने दोन्ही हातांच्या बोटांची वर्तुळं केली आणि डोळ्यांवर धरली. मास्तरांनी स्वतःच्या चष्म्याला हात लावून पाहिलं आणि ते लहान मुलासारखे रडले. पोर पहिल्यांदाच आजोबा म्हणाली होती.

जिन्यात ताई वाट बघत होत्या. काकांनी सगळं सांगितलं, बोटांची वर्तुळं करून दाखवली. 

"पैसे सगळ्यांत सारखे वाटा," ताई म्हणाल्या. "आणि काका, 'माझं चुकलं' हे हातांनी कसं म्हणतात?"

काकांना ते कुठे येत होतं? मग ताई स्वतःच खाली उतरल्या.