सासूला होममध्ये कोणी टाकलं?

शपथेवर सांगितलं, देवापुढे दिवा लावून सांगितलं, तरी एकानेही माझ्यावर विश्वास ठेवला नाही. ना नवऱ्याने, ना नणंदेने, ना बिल्डिंगमधल्या बायकांनी. “मला म्हाताऱ्यांच्या एखाद्या चांगल्या होममध्ये ठेव,” असं माझी सासू स्वतःच्या तोंडाने मला बोलली होती. पण सून सांगते म्हणजे खोटंच असणार!

त्यानंतर होमं बघत एवढी फिरले की किस्से नुसते साठत गेले. दाराआडच्या पिशवीत पिशव्या साठतात ना, तसे. एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात. मी चौथी पास. बोलते तशीच लिहिते. कोणाला लागलं तर लागू दे.

* * *

आम्ही भाईंदरला खारी गावात राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासू बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. मी खालच्या गाळ्यात पोळीभाजी केंद्र चालवते. नवरा सुरेश सकाळी कामावर जातो तो दिवेलागणीला उगवतो. मी पोळ्या टाकता टाकता वर धावायची, तिला बाथरूमला न्यायची, परत खाली. एकदा पोचायला उशीर झाला. ती ओल्या साडीत बसून होती.

साडी बदलून झाल्यावर बोलली, “शोभे, मला एखाद्या चांगल्या होममध्ये ठेव. दिवसभर ही भिंत बघून बघून आता भिंतीला मी पाठ झालेय.”

रविवारी नणंद मंगल आली. मी तिला सांगितलं, आई असं असं बोलल्या. मंगल सासूकडे वळली. सासूने डोळे एवढे मोठे केले. “मी? मी कशाला असलं बोलू?”

मंगल पाय आपटत गेली. मी सासूला विचारलं, “आई, हे काय?”

“अगं, मुलगा असताना आई असं बोलली तर त्याची इज्जत काय राहील? तू बोल. सुनेनं बोललेलं चालतं. लोकांना सवय आहे!”

* * *

पहिलं होम मीरा रोडला. काचेचा दरवाजा, आत एसी, टेबलावर प्लास्टिकची फुलं. माझ्यासोबत शेजारच्या हंसाबेन होत्या. आणि सासू. तिला न घेता मी होम बघायला जाणार नव्हते. मी राहणार होते का तिथे?

मॅनेजर पोरगी गोड बोलत होती. “पेशंटला कशाला त्रास दिलात? व्हिडिओ पाठवला असता.” मग सासूकडे वाकून बोलली, “आज्जी, इथे तुम्हाला अजिबात काही करावं लागणार नाही हं!”

सासू बोलली, “मग मी मेलेली काय वाईट?”

तरी पोरीने खोली दाखवली. प्रत्येक पलंगाला बेल. चोवीस तास स्टाफ, बेल दाबली की माणूस हजर! सासूने पलंगावर बसून बेल दाबली. पोरगी सांगत राहिली, फिजिओथेरपी आहे, योगा आहे, बर्थडे सेलिब्रेशन आहे. सासूने परत दाबली. कोणी आलं नाही. आमचा चहा आला, तो पिऊन झाला, कप गार झाले. कोणी आलं नाही.

उठताना सासू पोरीला बोलली, “बेल छान आहे हो. आवाज फार गोड आहे.”

* * *

दुसरं होम घोडबंदरच्या बाजूला. बंगला, पुढे बाग, झोपाळा. मालक फोनवर बोलला होता, “कधीही या!” म्हणून आम्ही मुद्दाम न कळवता जेवणाच्या वेळी गेलो. वॉचमनने गेटावरच अडवलं. “अपॉइंटमेंट है क्या?”

मी बोलले, “क्यूं? अंदर मंत्री लोग खाना खा रहे हैं क्या?”

हंसाबेन माझा हात ओढायला लागल्या, पण तेवढ्यात सासू वॉकर ठोकत ठोकत आत पोचली पण! म्हातारीला हात लावून कोण अडवणार?

आतली माणसं गप्प जेवत होती. एवढी माणसं जेवतायत आणि ताटाचासुद्धा आवाज नाही. सासूने एका आजोबांना विचारलं, “जेवण कसं असतं हो?”

आजोबांनी आधी वाढणाऱ्या माणसाकडे बघितलं. मग बोलले, “चांगलं असतं.”

सासूने वॉकर वळवला. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, “जेवण चांगलं आहे बोलले ना ते?”

“हो. पण परवानगी काढून बोलले.”

त्या दिवशी घरी येऊन मी रडले. वाटलं, आहे तसंच चालू दे. ओली साडी तर ओली साडी.

* * *

मग मंगल चिडून बोलली, “कुठेही टाकायला नको माझ्या आईला! मी नेते!” आणि नेलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कला तिचा मोठा फ्लॅट, लिफ्ट, बाल्कनी. मोबाईलवर स्टेटस पण टाकलंन, ‘आई माझ्याकडे!’ पुढे हात जोडलेले आणि बदाम.

मंगल वाईट नाही. पण ती नोकरीला, तिचा नवरा नोकरीला. सकाळी डबा झाकून ठेवायचा, औषध पुढे ठेवायचं, आणि म्हातारी बाहेर जाऊन पडेल म्हणून बाहेरून कुलूप.

आठवडा भरायच्या आत सासूचा मला फोन. “शोभे, आता तिसरं होम कधी बघायचं?”

“का? मंगलकडे बरं नाही का?”

“बरं आहे ना. भिंत मोठी आहे.”

हे मी मंगलला सांगितलं. तिने काय ऐकावं? “वहिनी, तूच तिला फोन करून फितवलंस!”

* * *

सासू परत आमच्याकडे आली. तिसरं होम उत्तनला. जुनं कौलारू घर, पुढे पडवी, एसी नाही, पंखे कुरकुरणारे. चालवणारी फिलोमिनाबाई तिथलीच, गावातली. सगळीकडे आम्हाला आधी विचारायचे, शुगर किती, बीपी किती, डायपर लागतो का. फिलोमिनाबाईने सासूला विचारलं, “बाय, तुला काय काय येतं?”

बाथरूममध्ये पडल्यापासून सासूला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ती बोलली, “काय येतं म्हणजे? सगळं येतं!”

“मंग बस.” आणि तिच्या पुढ्यात सुपात सुका जवळा, ती बारीक कोळंबी, ठेवलान निवडायला. हंसाबेन कट्टर शाकाहारी, नाकाला पदर लावून अंगणात उभ्या.

मी तेवढ्यात सगळं बघून घेतलं. बाथरूमची लादी कोरडी, धरायला दांडे. एक बाई अंथरुणाला खिळलेली होती, तिला विचारून तिची पाठ बघितली. एक जखम नव्हती. मी फिलोमिनाबाईला विचारलं, “रात्री कोण असतं?”

“रात्री मी हाय, रोझी हाय. डॉक्टर न्हाय. तो सकाळी येते. जास्ती झालं तर ॲम्ब्युलन्स भाईंदरवरून येते, टाईम लागते. खोटं कशाला बोलू?”

हंसाबेन अंगणातूनच ओरडल्या, “शोभाबेन, पहिली बार किसीने बोला कि नहीं है! यही अच्छा है!”

निघायची वेळ झाली. मी सासूला बोलले, “आई, चला. घरी जाऊन विचार करू.”

तिने मान पण वर केली नाही. “तुम्ही व्हा पुढे. माझं अर्धं राहिलंय.”

* * *

आता ती तिथे रुळलीय. वॉकर नावाला, पडवीत काठीवर फिरते. संध्याकाळी बाकीच्या बायका रोझरी म्हणतात, ही आपली तुळशीची माळ घेऊन त्यांच्यातच बसते. मला बोलली, “त्यांचा देव पण ऐकतो, आपला पण ऐकतो. पण त्यांची माळ लवकर संपते.”

एकदा फिलोमिनाबाईचा फोन. “तुझ्या सासूला जरा समजव गो!” पडली? भांडली? तर झालं होतं असं की रविवारी लोक आपल्या आईला, बापाला भेटायला येतात आणि बाजूला बसून मोबाईल बघतात. सासूने दारात टोपली घेऊन उभं राहायला सुरुवात केली होती. येणाऱ्याचा मोबाईल टोपलीत! एका सुटाबुटातल्या माणसाने विचारलं, “तुम्ही कोण?” तर त्याला बोलली, “मोबाईल घरी बघ. इथे आई बघ.”

मी फिलोमिनाबाईची माफी मागितली. ती बोलली, “माफी नको गो. टोपली लहान पडते, मोठी आण.”

त्या बाईपुढे मी हात जोडते. माझ्या माणसाला तिने पेशंट केलं नाही, माणूसच ठेवलं. ऊन लागो, पाऊस लागो, मी दर बुधवारी बस पकडून जाते. सासूचे केस विंचरते, नखं कापते. घरी असताना या दोन गोष्टींना मला कधी वेळ मिळाला होता? आता आम्ही दोघी गप्पा मारतो. लग्नानंतर पहिल्यांदा!

पण बिल्डिंगमध्ये माझं नाव ‘सासूला टाकणारी’. मी जिन्यात दिसले की बायका गप्प होतात. मी पण कमी नाही, एकीला बोललेच, “वहिनी, आमची सासू घरी होती तेव्हा घटकाभर येऊन बसला असतात, तर ती होममध्ये गेली नसती.” तरी खरं सांगते, रात्री उशीला डोकं लावलं की लागायचं. आणि सासू? तिला किती वेळा बोलले, “एकदा तरी सगळ्यांसमोर खरं सांगा.” ती ऐकू न आल्यासारखी करायची. कान तर तिचे माझ्यापेक्षा चांगले आहेत!

* * *

आता शेवटचा किस्सा सांगते.

सासूचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. मंगलने हॉल बघितला, सासू बोलली, “माझ्या मैत्रिणींना जिने चढवत नाहीत. इथेच करा.” झालं! उत्तनच्या पडवीत गुरुजी आले, फिलोमिनाबाईने रांगोळी काढली, सगळे नातेवाईक रिक्षा भरभरून आले. मंगलने वडिलांचा फोटो आणला होता, तो हार घालून सासूच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

गुरुजींनी संकल्पाला विचारलं, “आजी, यजमानांचं नाव?”

सासू लाजली. नवऱ्याचं नाव तिने आयुष्यात घेतलेलं नाही. रेशन ऑफिसात घेतलं नाही, ऑपरेशनच्या वेळी घेतलं नाही. नेहमीसारखं माझ्याकडे बोट केलं. मी सांगितलं, “शांताराम विठोबा परब.”

पूजा झाली. मी ओवाळायला ताट उचललं आणि मंगलचा बांध फुटला. भर पडवीत आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. “घर असताना आईचा असा सोहळा परक्या दारात! आई, आज सगळ्यांसमोर सांग. कोणाला घाबरू नकोस. तुला इथे कोणी पाठवलं? नाव घे त्या माणसाचं!”

सगळी पडवी माझ्याकडे बघायला लागली. मामेसासरे, चुलत जावा, बिल्डिंगमधल्या बायका. सुरेश पंख्याकडे बघत होता. मी सासूकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं.

मग काठी टेकून ती उठली. डोक्यावरून पदर घेतला. शेजारच्या खुर्चीकडे वळून हात जोडले, आणि स्वयंपाकघरातली रोझी बाहेर धावत येईल एवढ्या मोठ्याने बोलली,

“ह्यांनी पाठवलं! शांताराम विठोबा परब!”