सहाव्या गटाची कोरी नोंदवही

श्रीरंग उपासनी सुरतेतल्या उधन्याच्या एका कॉलेजात एकतीस वर्षे अकाउंट्स शिकवत होते. खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. घंटेच्या आधी दोन मिनिटे ते वर्गाच्या दारात उभे असत. त्यांच्यानंतर येणारा मुलगा त्यांना लांबूनच पाहून परस्पर कॅन्टीनकडे वळायचा. माफी मागून आत येण्यापेक्षा ते सोपे होते.

मूळचे ते अमळनेरचे. एम.कॉम. झाल्यावर दोन वर्षे नोकरी करू आणि परत जाऊ, या हिशेबाने सुरतेला आले आणि इथलेच झाले. गुजराती उत्तम बोलत, पण हेल अमळनेरचाच राहिला. मुले मागे त्याची नक्कल करत आणि ते त्यांना ठाऊक होते.

अशा माणसाने प्रोजेक्टचा विषय स्वतःहून मागून घेतला, तेव्हा स्टाफरूममध्ये लोकांनी एकमेकांकडे पाहिले. नव्या अभ्यासक्रमात एका पेपरऐवजी असा विषय घेण्याची मुभा होती. मुलांनी गट करून शहरातला एखादा खरा प्रश्न हुडकायचा, तो समजून घ्यायचा, त्यावर उपाय सुचवायचा आणि शेवटी समितीपुढे मांडायचा. कागदावर त्याचे नाव लांबलचक होते. मुले नुसते ‘पीबीएल’ म्हणत. उपासनी सरांना एक गोष्ट वर्षानुवर्षे खुपत होती. त्यांची मुले पाच पानी गणित बिनचूक सोडवत, पण ज्या कापडावर सगळे शहर जगते ते कापड मागातून निघून साडी होईपर्यंत किती हातांतून जाते, हे एकालाही सांगता येत नसे. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. जाता जाता एवढे तरी करू, असे त्यांनी मनाशी धरले.

पहिल्या वर्षी नऊ गट होते. नऊ जाडजूड फायली आल्या. त्यांतल्या सात कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून आल्या होत्या. एका गटाने कव्हरवर आपले नाव घातले, पण चौथ्या पानावरचे बडोद्याच्या कॉलेजचे नाव खोडायचे तो विसरला.

सर चिडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी अकरा नियम टाइप करून नोटीस बोर्डावर लावले. सातवा नियम सगळ्यांत कडक: दर शनिवारी गटाने आठवड्याच्या कामाची नोंदवही सही करून दाखवावी. सलग तीन शनिवार नोंद कोरी राहिल्यास गट सादरीकरणातून बाद. झेरॉक्सवाल्याकडे फाइल मिळेल, पण दर आठवड्याची नोंदवही कुठून आणतील?

प्राचार्या कल्पनाबेन यांनी त्याच वेळी स्पष्ट सांगितले होते. मार्चमध्ये तिघांची समिती येईल आणि कामे पाहील. एकही काम खरे वाटले नाही, तर विषय बंद आणि पुन्हा लेखी पेपर. सर जूनमध्ये निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे हा विषय राहणार की जाणार, ते मार्चमध्ये ठरणार होते.

जानेवारीत या वर्षीच्या नऊ गटांचे विषय आले. पर्वत पाटियाच्या चौकातले पार्किंग, उपाय अ‍ॅप. सोसायटीतला कचरा, उपाय अ‍ॅप. कॅन्टीनची रांग, उपाय अ‍ॅप. भटकी कुत्री, तिथेही अ‍ॅप.

“कुत्र्यांसाठी अ‍ॅप?” सरांनी विचारले.

“हो सर,” गटाचा प्रमुख पराग म्हणाला, “कुत्रं दिसलं की फोटो टाकायचा.”

“मग?”

“मग मॅपवर दिसेल ने.”

“आणि कुत्र्याचं काय होईल?”

परागने मागे वळून आपल्या गटाकडे पाहिले. मागून कुणीतरी गुजरातीत म्हणाले, “कूतराने नोटिफिकेशन जशे!” कुत्र्यालाच नोटिफिकेशन जाणार म्हटल्यावर वर्ग हसला.

“अ‍ॅप बनवणार कोण?”

“ते तर डेव्हलपर बनवेल, सर. आपण आयडिया द्यायची.”

सरांनी लाल पेन काढले आणि परत खिशात ठेवले. “अरे, त्या चौकात जाऊन उभे राहा. माणसांशी बोला. उपाय मागून येतो, आधी प्रश्न तर कळू दे!” हे वाक्य त्यांनी त्या सत्रात इतक्या वेळा म्हटले की मुले त्यांच्याच हेलात ते एकमेकांना म्हणू लागली. नोंदवह्या मात्र दर शनिवारी वेळेवर येत. ‘चर्चा केली.’ ‘सखोल चर्चा केली.’ ‘पुढील चर्चेचे नियोजन केले.’ खाली सगळ्यांच्या सह्या, चुकायच्या नाहीत.

कोरी राहिली ती फक्त सहाव्या गटाची. या गटाची प्रमुख भेस्तान वस्तीतली जयश्री होती. वडील लूम्सवर कामाला, आई उषाबाई घरी साड्यांवर खडे चिकटवायची. सोबत चेतन, शुभम आणि सायली. विषयाच्या कागदावर त्यांनी लिहिले होते: ‘घरी काम करणाऱ्या बायकांना माल वेळेवर न मिळणे.’ उपाय अर्थातच अ‍ॅप. पहिले तीन आठवडे नोंदी चोख होत्या. चौथ्या शनिवारी वही कोरी आली. पाचव्या शनिवारी कोरी. सहाव्या शनिवारी तर वहीवर डिंकाचा ओघळ वाळलेला होता आणि दोन पाने एकमेकांना चिकटली होती.

“हे काय आहे?”

“सर, आम्ही काम करत होतो,” जयश्री म्हणाली. “लिहायला वेळ नाही मिळाला.”

“कुठलं काम?”

“खडे लावायचं,” शुभमने सांगितले आणि वर्ग पुन्हा हसला.

सरांना वाटले, पोरे थट्टा करताहेत. त्यांनी भर वर्गात लाल पेनाने वहीवर लिहिले: ‘प्रगती शून्य. नियम ७ प्रमाणे बाद.’ चेतन काही बोलणार होता, जयश्रीने त्याची बाही ओढली. जाताना ती एवढेच म्हणाली, “सर, एकदा येऊन तर बघा.”

“नियम सगळ्यांना सारखा,” सर म्हणाले. त्याच दिवशी आठ गटांची यादी सही करून कल्पनाबेनच्या टेबलावर गेली.

घरी त्यांनी तो संताप पत्नी सुधाताईंपुढे काढला. सुधाताई बँकेतून निवृत्त झालेल्या, ऐकून घेण्यात तरबेज. त्या शेंगा सोलत होत्या.

“म्हणजे आठ गट वर्गात बसून चर्चा करताहेत, ते पास,” त्या म्हणाल्या. “आणि एक गट वस्तीत जाऊन बसला, तो नापास.”

“गेला की नाही कुणास ठाऊक! नोंद आहे का?”

“नोंद नाही, पण रस्ता आहे ना? एकतीस वर्षं या गावात काढलीत, भेस्तानला किती वेळा गेलात?”

 रविवारी सकाळी सरांनी स्कूटर काढली.

गल्ली अरुंद होती. प्रत्येक उंबऱ्यावर साडी पसरलेली आणि तिच्यावर दोन-दोन बायका वाकलेल्या. सर इस्त्रीच्या शर्टात, खिशात दोन पेनं, हातात वही. चौथ्या घरासमोर ते थांबताच आतून उषाबाई उठल्या.

“या! माल परत लई उनात ना?” त्या अहिराणीत गरजल्या. “दखाडा, कितला शेत!” परत आलेला माल किती, ते त्यांना बघायचे होते. “खडा पडस एकीना, नि बठस सारी गल्ली! कोना हातना माल शे ते तुम्हले तरी समजस का?”

गल्लीतल्या सगळ्या माना वर झाल्या. पार्वती नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंनी तर डिंकाची वाटीच बाजूला ठेवली, भांडणात दोन्ही हात मोकळे असावेत म्हणून.

मागच्या खोलीतून जयश्री धावत आली. “आई! ते माल तपासणारे चेकर नाहीत. आमचे सर आहेत.”

“सर?” उषाबाईंनी डोक्यावरचा पदर ओढला. “मंग उभा काबर शेतस? बठा ना.”

सर पाटावर बसले. आत सायली आणि शुभम खरोखरच खडे लावत बसले होते. शुभमची बोटे डिंकाने पांढरी झाली होती.

मग जयश्रीने सांगितले. पहिल्याच आठवड्यात बायकांनी त्यांना हसून वेड्यात काढले होते. माल वेळेवरच येतो, कधी कधी तर वेळेआधी. खरी अडचण पुढे होती. गल्लीतल्या बारा घरांचा माल एकाच गठ्ठ्यात जातो. काही दिवसांनी चेकरच्या तपासणीत एखाद्या साडीचे खडे गळाले की त्या गठ्ठ्यातल्या सगळ्याच साड्या परत येतात आणि सगळ्या गल्लीला पुन्हा बसावे लागते. चूक कुणाची, ते कळायला मार्ग नाही.

“खूण नाही करत?” सरांनी विचारले.

“करतो की!” उषाबाई आता मराठीत बोलल्या. “प्रत्येक घराचा वेगळा रंग. काठाला दोऱ्याची गाठ मारतो.”

“मग?”

“मग ती साडी जाते धागे कापणाऱ्या बाईकडे,” जयश्री म्हणाली. “तिचं कामच ते. लोंबता धागा दिसला की काप. सर, आमची खूण तीच कापते. आम्ही हे विचारून नाही कळलं. तीन आठवडे इथे बसलो, मग एक दिवस गठ्ठ्यामागे पुढच्या घरी गेलो, तेव्हा दिसलं.”

 वर्षभर सर जे शोधत होते, ते त्यांनी स्वतःच्या हाताने लाल शाईत बाद केले होते.

“तुम्ही हे वहीत का नाही लिहिलं?”

“डिंकाचे हात होते, सर,” शुभम म्हणाला. या वेळी कुणी हसले नाही.

सोमवारी सकाळी ते कल्पनाबेनच्या केबिनमध्ये उभे होते. सहावा गट यादीत घ्या, म्हणाले. कल्पनाबेनने चष्मा वर केला. “उपासनी सर, नियम तो तमारो ज छे ने?”

“हो, माझाच आहे.”

“आज एकाला सूट दिली तर बाकीचे आठ इथे येऊन उभे राहतील. वेळापत्रक छापून झालंय. जागा कुठे आहे?”

सरांनी वेळापत्रक पाहिले. ते त्यांनीच आखले होते, मिनिटामिनिटाचे. शेवटच्या ओळीत लिहिले होते: ‘समारोप – प्रा. उपासनी – १० मिनिटे.’ त्यांचे कॉलेजातले शेवटचे भाषण. चार पाने लिहून तयार होती.

“ही दहा मिनिटं माझी आहेत,” ते म्हणाले. “त्यांचं मी काहीही करीन.”

मंगळवारी आठ गटांनी आठ अ‍ॅप दाखवले. समितीत एक प्राध्यापक, एक बँक अधिकारी आणि कापड मार्केटमधले एक व्यापारी. व्यापारी शेठ तिसऱ्या अ‍ॅपनंतर मोबाइल पाहू लागले. सर मागच्या बाकावर बसून प्रत्येक स्लाइडबरोबर आणखी खचत होते.

समारोपासाठी त्यांचे नाव पुकारले गेले. ते उठले, “माझं भाषण जयश्री करेल,” म्हणाले आणि पुन्हा बसले.

जयश्रीजवळ स्लाइड नव्हत्या. तिने टेबलावर दोन साड्या पसरल्या आणि व्यापाऱ्यांच्या हातात कात्री दिली. “शेठ, लोंबते धागे कापा.” शेठनी सवयीने पहिल्या साडीचा काठ चाचपला आणि गाठ कापून टाकली. “आता सांगा, ही कुणाच्या घरची?” मग तिने दुसरी साडी उलटी केली. ब्लाउजपीसच्या कोपऱ्यात, कापडाला सपाट बसलेले चार टाके होते. लोंबणारे काही नव्हते, म्हणून कात्रीला ते सापडले नव्हते. चार टाके म्हणजे चौथे घर. माल पास झाला की चेकरने दोरा ओढून घ्यायचा.

शेठनी मोबाइल उलटा ठेवला. “आणि चेकर ओढायचा विसरला तर? गिऱ्हाईक मला टाके दाखवेल.” त्या दिवसातला तो पहिला खरा प्रश्न होता. चेतनने उत्तर दिले, शेठना पटले नाही, सायलीने दुसरे दिले. दहाची पंचवीस मिनिटे झाली. सरांनी घड्याळाकडे पाहिले, पण कुणाला थांबवले नाही.

निकाल आठवड्याने आला. विषय आणखी एक वर्ष चालू राहील. उत्कृष्ट प्रकल्प: भटकी कुत्री. सहावा गट: नोंदवही अपूर्ण, त्यामुळे तिचे वीस गुण नाहीत. उरलेल्या तिसांपैकी अठ्ठावीस. सरांनी तो कागद दोनदा वाचला. कुत्र्यांना पहिला नंबर देणाऱ्या समितीवर ते दिवसभर धुमसत होते. स्वतःच्या सातव्या नियमावर त्याहून जास्त. संध्याकाळी नोटीस बोर्डासमोर उभे राहून त्यांनी लाल पेनाने तो नियम आडवा खोडला. निवृत्त होणाऱ्या माणसाच्या खोडण्याला किती किंमत असते हे माहीत असूनही खोडला.

मागून जयश्री आली.

“सर, वीस गेले ना?”

“गेले.”

“चालेल सर, पास तर झालो.” ती जरा घुटमळली. “गल्लीत टाके सुरू केलेत, चेकरलाही सांगितलंय. काल पहिला माल परत आला. सगळ्यांचा नाही, एकाच घराचा. सात साड्या.”

“अरे वा! कुणाच्या घरच्या?”

जयश्रीने ओठ दाबून हसू आवरले.

“आमच्याच, सर. चार टाके. आई सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीये.”