सील बदलून दिलेला पंप

चारकोपला माझा हायड्रॉलिक दुरुस्तीचा गाळा आहे. एरवी जॅक, प्रेस, गॅरेजच्या लिफ्ट अशी कामं येतात. पावसाळ्यात मात्र खाडीपलीकडच्या कोळीवाड्यांतून बोटींचं सामान येतं, कारण तेव्हा बोटी किनाऱ्यावर असतात. नारळी पौर्णिमा जवळ आली की प्रत्येकाला आपलंच आधी हवं असतं.

यंदा एक कोळीण मावशी जाळं ओढायच्या विंचचा पंप घेऊन आल्या. बोट त्यांची, चालवतो त्यांचा मुलगा. पंप टेबलावर ठेवत म्हणाल्या, "भाऊ, पुनवेआधी पायजे. तुझ्या गाळ्यात नारळ फोडायची पाळी नको आणू."

मी पंप उघडला. तेल अडवणारे रबरी सील गेलेच होते, पण बॉडीलाही आतून ओरखडे पडले होते. नख फिरवलं की अडकत होतं. असा पंप बदलायचाच असतो. नवे सील घातले तर थंड तेलावर तो झकास चालतो, पण तेल तापलं की प्रेशर उतरतं. आणि नवा पंप यायला पौर्णिमा उलटली असती.

गावातल्या सगळ्या बोटी निघणार आणि यांची एकटी वाळूत राहणार, हे माझ्याच्याने सांगवेना. मी सील बदलले, थोडा वेळ पंप चालवून दाखवला.

"होईल ना रे?"

"होईल, मावशी."

ओरखड्यांबद्दल काही बोललो नाही. तेव्हा वाटलं, मी त्यांचं मन राखतोय. खरं तर मला त्यांचा पडलेला चेहरा बघायचा नव्हता.

पहिल्याच फेरीत, भरलेलं जाळं वर येत असताना विंच मंदावला आणि थांबला. सगळ्यांनी मिळून हाताने ओढून बघितलं, पण ते वर येईना. शेवटी जाळं कापावं लागलं. म्हावऱ्यासकट समुद्रात गेलं.

पंप घेऊन मायलेक परत आले, तेव्हा मी सांगून टाकलं, "हा आतून घासलेला होता. मला माहीत होतं."

"मग तेव्हाच बोलायचं ना, काका," मुलगा म्हणाला.

"तुमची बोट राहिली असती."

"कशाला राहिली असती?" मावशी म्हणाल्या. "गेलोच असतो. पोराने लहान जाळं टाकलं असतं, हाताने ओढवेल एवढं. माझा सासरा काय विंच घेऊन जन्मला होता?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पंप दुरुस्त करायचा की बदलायचा, एवढंच मी धरून बसलो होतो, आणि तेही त्यांना न विचारता ठरवलं.

आता नवा पंप बसवलाय, विंच नीट चालतो. पण ते जाळं मावशींनी आणि त्यांच्या जावेने उन्हाळाभर अंगणात बसून विणलं होतं, हे निघताना मुलाने सांगितलं. ते कुठून मागवून देऊ, हे मला अजून कळलेलं नाही.