गोधडीत शिवलेलं बेथलेहेम

मद्रासला थंडी पडत नाही, असं मी आईला लेखी कळवलं होतं.

साताऱ्याच्या हिवाळ्यात तिचा दमा उसळायचा, म्हणून त्या वर्षी तिला आमच्याकडे पुरसवाकमला आणायचं ठरवलं. तिनं विचारलं होतं, "गोधडी घेऊ का?" मी उत्तर धाडलं, "मद्रासमध्ये गोधडी? लोक हसतील!" (लोक पुढे हसलेच. फक्त गोधडीला नाही.)

आई दोन सुती लुगडी घेऊन उतरली आणि त्याच आठवड्यात समुद्रावर कुठंतरी वादळ घोंगावायला लागलं. नाताळ तोंडावर आलेला, दिवसरात्र पिरपिर पाऊस, आणि वारा असा की बाटलीतलं खोबरेल तेल थिजून दगड झालं. दूधवाला कानांना मफलर आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून यायचा. त्याचं फक्त नाक ओळखीचं राहिलं होतं. अख्ख्या घरात पांघरुणं म्हणजे दोन विटक्या चादरी. आई पहाटेपासून एकच वाक्य म्हणायची, "मद्रासला थंडी नसते म्हणे!"

मी भयंकर चिडलेला होतो. समुद्रावर, वाऱ्यावर, आईवर. स्वतःवर चिडायला हवं होतं, पण तेवढं सोडून बाकी सगळं जमत होतं.

माझी बायको कावेरी हिची तऱ्हा वेगळी. ती तंजावरच्या मराठी घराण्यातली. तिच्या रागाच्या पायऱ्या ठरलेल्या. पहिल्या पायरीवर ती आमच्यासारखं मराठी बोलते. दुसऱ्या पायरीवर तिच्या आजीचं तंजावरी मराठी सुरू होतं. तिसरीवर शुद्ध तमिळ. तमिळ ऐकू आलं की मी चपला शोधतो.

गल्लीच्या टोकाला असलेल्या मिशनच्या मुलींच्या शाळेत ती शिकवायची. नोकरी हंगामी. हेडमिस्ट्रेसनं नाताळचं नाटक तिच्या गळ्यात घातलं होतं आणि सुचवलं होतं की, नाटक उभं राहिलं तर जानेवारीपासून नोकरी कायम. पडलं तर रामराम. कावेरीनं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून जुनी लुगडी, वेष्ट्या म्हणजे तिकडची धोतरं, पडदे मागून आणले, त्यांना मधोमध गळे कापले आणि मेंढपाळांचे झगे, राजांचे अंगरखे, देवदूतांचे पंख, झालंच तर दोन मुली आत शिरतील असा तपकिरी बैल, अशी सगळी तयारी एका चादरीत बांधून ट्रंकेवर ठेवली. हे तिनं मला सांगितलंही होतं. मी "हं" म्हटलं होतं.

ती शाळेत तालमी घेत होती आणि मी रजा टाकून घरात कुडकुडत पेपर वाचत होतो, तेव्हा आईनं विचारलं, "अरे, ट्रंकेवरची ही लक्तरं जुनीच ना?"

"जुनीच."

"मधोमध ही भोकं पडलीत प्रत्येकाला! उंदीर आहेत का रे तुमच्याकडे?"

"असतील."

"मग घेऊ का गोधडीला?"

"घे, घे! पण बोलणं थांबव!"

एवढंच घडलं. मी मान वर केली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता.

आईच्या हातात थंडीनं यंत्रच बसवलं. कावेरी शाळेत गेली की ती गाठोडं सोडायची. कावेरी यायच्या वेळेला अर्धी गोधडी घडी घालून त्याच चादरीत बांधून ठेवायची, कारण पसारा तिला खपत नसे. त्यामुळे दमून आलेल्या कावेरीला रोज संध्याकाळी गाठोडं जागच्या जागी दिसायचं. नाटकाच्या दिवशी दुपारी आईनं वरून स्वतःचं हिरवं लुगडं लावलं, काम पुरं केलं आणि गाठोडं पुन्हा बांधलं. शिवाय गृहकृत्यदक्ष बाई! उंदरांनी पाडलेल्या प्रत्येक भोकाला तिनं आधी सुबक ठिगळ लावलं.

त्या संध्याकाळी आई न्हाणीत असताना कावेरी म्हणाली, "अहो, एवढं गाठोडं शाळेत पोचवता का?" मी ते डोक्यावर घेतलं. जरा जड वाटलं. "पावसानं दमटलं असेल," असंही मी वर म्हणालो!

शाळेच्या हॉलमध्ये हेडमिस्ट्रेस घड्याळ बघत उभी. मुली पेटीकोटांत काकडत ओळीनं उभ्या. कावेरीनं गाठ सोडली. हिरवीगार, जाडजूड, देखणी गोधडी बाहेर पडली.

"हे काय आहे?" कावेरीनं विचारलं. (पहिली पायरी.)

तिनं कड उसवून बघितली. आत राजा, त्याखाली मेंढपाळ, त्याखाली बैल. देवदूताच्या पंखाचं ठिगळ राजाच्या गळ्यावर घट्ट बसलेलं.

"अय्यो! काय म्हणूनु असं केलात हो? डोळे कुठं ठेविले होते?" (दुसरी.)

मी उत्तर देणार, तोच दारातून आई आली. ओल्या केसांनी, एका हातात पळी.

"चोरा! आईची गोधडी पळवतोस?"

"आई, ही गोधडी नाही, नाटकाचे कपडे आहेत!"

"कपडे? उंदरांनी खाल्लेले? ह्यानंच सांगितलं, जुनी आहेत, घे म्हणून!"

सगळ्या मुलींनी माझ्याकडे पाहिलं. हेडमिस्ट्रेसला मराठी येत नव्हतं, पण तिनंही पाहिलं.

"मी... पेपर वाचत होतो," मी म्हणालो.

मग तमिळ सुरू झालं. चपला मी बाहेर काढून ठेवल्या होत्या, तरी जाता येईना. दारात आई होती.

"उसवते मी सगळं!" म्हणत कावेरीनं कात्री उचलली आणि तिथंच तिचा धीर सुटला. पाहुणे यायची वेळ झाली होती. ती गोधडीवर बसून रडायला लागली. आईनं पळी खाली केली.

"नाटक आहे तरी कसलं गं?"

"एक गरीब जोडपं," कावेरी हुंदके देत म्हणाली, "बाईचे दिवस भरलेले. धर्मशाळेत जागा देत नाहीत. गोठ्यात बाळ होतं."

"गोठ्यात? असल्या थंडीत?" आईचा राग एकदम वळला. "कोण तो धर्मशाळावाला? बोलव इकडं!"

धर्मशाळावाला झालेली मुलगी भोकाड पसरून पळाली. आईनं बाळाची बाहुली उचलली, गोधडीत गुंडाळली आणि जोडप्याच्या मधे ठेवली. "घ्या. आणि तुम्हीही शिरा तिच्यात, पोरींनो. मरताय की गारठून!"

बाकीच्यांसाठी कावेरी हॉलच्या दारात जकात नाक्यासारखी उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येक बापाचा मफलर, शाल, टॉवेल काढून घेतला. राजे मफलरांत, मेंढपाळ टॉवेलांत, आणि पालक पहिल्या रांगेत संतापून कुडकुडताहेत! राहिला बैल. हेडमिस्ट्रेसनं माझ्या तपकिरी ऑफिसकोटाकडे बोट दाखवलं.

मी गुडघ्यांवर, हातांवर, गवतात तोंड. कावेरी जवळून जाताना स्वच्छ मराठीत पुटपुटली, "हलू नका." पहिल्या पायरीवरचं ते मराठी ऐकून मला भरून आलं. पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला, "अगं बाई, हा तर आमचा!" आणि लोक हसले ते हसलेच.

नंतर हेडमिस्ट्रेस म्हणाली, बैल फार नैसर्गिक होता. कावेरी म्हणाली, त्याला काहीच शिकवावं लागलं नाही.

तिची नोकरी जानेवारीत कायम झाली. माझी मात्र त्याच संध्याकाळी झाली होती: दर नाताळला शाळेचा बैल मीच, आणि कोटही तोच.